पाचवा टी-रेक्स कोण विकत घेतं? डायनासोर जमवणाऱ्यांचं मार्केट समजून घ्या



मागच्या व्हिडिओत खेळण्यांच्या धंद्यातल्या 'मोठ्या' ग्राहकाचा विषय ओझरता काढला होता. मोठा म्हणजे वयाने मोठा. स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या कपाटासाठी डायनासोर घेणारा माणूस. व्हिडिओ लांबला की बघणारे निम्म्यात पळतात, म्हणून तिथे राहिलेलं सगळं इथे लिहितोय. "या फिगर्स ऑनलाइन दुप्पट भावाला जातात, लाखभराचा माल उचलून ठेवू का?" असा विचार तुमच्या डोक्यात घोळत असेल, तर आधी हे शेवटपर्यंत वाचा.

आधी ग्राहक ओळखू. लहान मुलासाठी डायनासोर घ्यायला आई-बाबा येतात तेव्हा त्यांना बारा नगांचं रंगीबेरंगी पाकीट पुरतं. हिरवा असो की जांभळा, दात दिसले की झालं. भावात घासाघीस होते आणि परत तो ग्राहक वर्षभराने, पुढच्या वाढदिवसाला उगवतो. दुसरा ग्राहक म्हणजे संग्राहक. (कलेक्टर म्हटलं की आपल्याकडे लाल दिव्याची गाडी आठवते, म्हणून संग्राहकच म्हणू.) हा माणूस फिगर हातात घेतो, उलटी करतो, तळपाय बघतो, हाताचे पंजे कुठे वळलेत ते बघतो, मग विचारतो, "हा यंदाचाच ना?" त्याच्या घरी चार टी-रेक्स आधीच असतात. पाचवा घ्यायला तो आलेला असतो आणि भावाबद्दल तो शेवटी बोलतो.

चार असताना पाचवा का? याचं उत्तर कळल्याशिवाय या मालाला हात लावू नका.

स्पायनोसॉरसचंच घ्या. पाठीवर शिडासारखा उंच पडदा असलेला हा प्राणी. एर्न्स्ट श्ट्रोमर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१५ मध्ये इजिप्तमधल्या हाडांवरून त्याला नाव दिलं. ती हाडं म्युनिकच्या संग्रहालयात होती आणि १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली. मग वर्षानुवर्षं खेळणी बनवणाऱ्यांनी अंदाजाने काम चालवलं: टी-रेक्ससारखं उभं शरीर आणि वर पडदा. २००१ च्या 'जुरासिक पार्क ३' मध्येही तो असाच दिसतो. २०१४ मध्ये मोरोक्कोतल्या नव्या सांगाड्यावरून शोधनिबंध आला की याचे मागचे पाय चांगलेच आखूड होते. झालं, जुने सगळे स्पायनोसॉरस एका दिवसात 'चुकीचे' ठरले. कंपन्यांनी आखूड पायांचे नवे काढले. २०२० मध्ये त्याच सांगाड्याच्या शेपटीची हाडं जाहीर झाली आणि कळलं की शेपूट वल्ह्यासारखी उंच आणि चपटी होती. पुन्हा नवा साचा, पुन्हा नवी विक्री. आणि तो पाण्यात खोल पोहायचा की काठावर उभा राहून मासे पकडायचा, यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण चालूच आहे. म्हणजे आणखी एखादा स्पायनोसॉरस येणार, हे धरून चाला.

आता लक्षात आलं? मोबाइलचं नवं मॉडेल कंपनी ठरवते म्हणून येतं. इथे नवं मॉडेल येण्यामागे कुठेतरी वाळवंटात निघालेलं हाड असतं. संग्राहक ती बातमी वाचतो आणि कपाटातला जुना डायनासोर त्याला खटकायला लागतो.

त्यामुळे विकणाऱ्याला थोडा अभ्यास लागतोच. फार नाही. टी-रेक्सच्या जातकुळीतल्या दोन पायांच्या मांसाहारी डायनासोरांचे तळहात टाळी वाजवताना असतात तसे एकमेकांकडे वळलेले हवेत, पियानो वाजवल्यासारखे जमिनीकडे नकोत. शेपूट जमिनीवर फरपटत नसते, शरीराच्या रेषेत मागे ताणलेली असते. १९९६ मध्ये चीनमधून सायनोसॉरोप्टेरिक्सचा जीवाश्म जगासमोर आला, तेव्हापासून पिसांचा विषय सुरू झाला. २०१० मध्ये त्याच्या पिसांतल्या सूक्ष्म रंगकणांवरून शेपटीवर तांबूस-पांढरे पट्टे होते हेही कळलं. तेव्हा त्याची निळी फिगर दाखवलीत तर संग्राहक हसेल. आणि २०२३ मध्ये 'सायन्स' मासिकात निबंध आला की टी-रेक्सचे दात ओठांनी झाकलेले असावेत. मगरीसारखे बाहेर लटकणारे दात आवडणारे आणि ओठवाले, असे संग्राहकांचे दोन तट आहेत. दुकानदाराने कुठल्याच तटात जाऊ नये, दोन्ही माल दाखवावा!

एवढं पाठ करा, दुकानात तुमची किंमत वाढते. मला स्वतःला यातलं काही शाळेत शिकवलं नव्हतं आणि बीबीएला तर नाहीच. सगळं गिऱ्हाईकाकडून शिकलो.

हा माल बनवतं कोण? अमेरिकेतल्या सफारी लिमिटेडने पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयाबरोबर १९८८ मध्ये 'कार्नेगी कलेक्शन' सुरू केलं. प्रमाण १:४०. म्हणजे साधारण १२ मीटरचा टी-रेक्स ३० सेंटिमीटरचा. ती मालिका २०१५ मध्ये बंद झाली, पण सफारीची 'वाइल्ड सफारी' मालिका चालू राहिली. कलेक्टा ही कंपनी फारशा कोणी न बनवलेल्या, नाव उच्चारताना जीभ अडखळेल अशा जाती काढण्यासाठी ओळखली जाते. फ्रान्सची पापो सिनेमाच्या वळणाचे, नाट्यमय डायनासोर करते. जर्मनीची श्लाइश १९३५ पासूनची, पण तिचा कल मुलांकडे जास्त. 'जुरासिक वर्ल्ड'ची सिनेमावाली खेळणी २०१८ पासून मॅटेलकडे आहेत, तो वेगळाच बाजार.

मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती चीनची पीएनएसओ. झाओ चुआंग हा चित्रकार आणि यांग यांग ही लेखिका यांची ही संस्था. त्यांनी एक साधी गोष्ट केली: प्रत्येक डायनासोरला स्वतःचं नाव दिलं. टी-रेक्स म्हणजे नुसता टी-रेक्स नाही, तो 'विल्सन'. ग्राहक मग "विल्सन आला का?" असं विचारतो. नाव देण्याला खर्च शून्य. तुम्ही पणत्या विकत असाल, गोधड्या विकत असाल, तरी हे वापरता येईल का, बघा.

अमेरिकेतल्या डेव्हिड सिल्वा या खेळणी डिझायनरची गोष्ट तर आपल्यासारख्यांसाठीच आहे. २०१६ मध्ये त्याने 'बीस्ट्स ऑफ द मेसोझोइक' नावाने सांधे हलणाऱ्या, पिसांच्या रॅप्टर फिगर्सची कल्पना किकस्टार्टरवर मांडली. आधी लोकांनी पैसे भरले, मग माल बनला. शिंगवाल्या डायनासोरांची आणि टायरॅनोसॉरांची मालिकाही पुढे त्याने अशाच वाटेने काढली. साच्यांवरचा खर्च मोठा असतो. तो त्याने ग्राहकांच्या आगाऊ पैशांतून उभा केला.

आणि इथेच आपल्या लाखभर रुपयांचा प्रश्न येतो.

या मार्केटचं एक कॅलेंडर आहे. वर्षाच्या शेवटी कंपन्या पुढच्या वर्षाची फिगर्स एकेक करून जाहीर करायला लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत जर्मनीत न्युर्नबर्गला खेळण्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. मग वर्षभर माल येत राहतो. फिगर जाहीर झाल्यापासून हातात येईपर्यंतचा काळ म्हणजे तुमची खरी कमाईची वेळ. तेव्हा ग्राहकाची उत्सुकता सगळ्यात जास्त असते आणि तुमचा एक रुपयाही अडकलेला नसतो. समजा दहा जणांनी निम्मा ॲडव्हान्स दिला, तर तुम्ही दहा किंवा फार तर अकरा नग मागवा. पन्नास घेतल्यावर मिळणारी सूट विसरा. ती सूट तुमच्या गोदामात धूळ खाते.

"पण बंद झालेल्या फिगर्स महाग होतात ना?" होतात, काही होतात. कार्नेगीच्या काही जुन्या फिगर्स शोधत संग्राहक फिरत असतात. पण कुठली होणार हे आधी कुणालाच सांगता येत नाही. कंपनी जुना साचा बाहेर काढून पुन्हा माल ओतू शकते. दुसरी कंपनी त्याच जातीची जास्त चांगली फिगर काढू शकते. आणि नवीन हाड सापडलं तर काय होतं, ते स्पायनोसॉरसने दाखवलंच आहे. २०१४ नंतरचे 'अचूक' स्पायनोसॉरस भाव चढेल म्हणून दडवून ठेवणाऱ्याच्या हातात २०२० मध्ये चुकीच्या शेपटीचा साठा उरला. संग्राहकाने ठेवला तर ठीक, त्याला तो आवडतो. दुकानदाराने ठेवला तर तो डेड स्टॉक. उधार-उसनवार करून, बायकोचे दागिने गहाण टाकून कुणी हे करत असेल तर त्याला हात धरून थांबवा.

आता आपल्या देशातले दोन मोठे अडथळे. पहिला कर. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरची बेसिक कस्टम ड्युटी २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ च्या बजेटमध्ये ७० टक्के. त्या दराने हजार रुपयांची फिगर नुसत्या ड्युटीने सतराशेवर जाते. त्यावर जीएसटी, वाहतूक आणि एजंटचे पैसे वेगळे. दर बदलत असतात, म्हणून ऑर्डर देण्याआधी त्या दिवसाचा दर कस्टम एजंटकडून लेखी घ्या.

दुसरा अडथळा जास्त कडक आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर बीआयएसचा आयएसआय मार्क सक्तीचा आहे. परवाना मिळतो तो माल बनवणाऱ्या कारखान्याला, तुमच्या-माझ्यासारख्या आयातदाराला नाही. परदेशातल्या त्या कारखान्याने भारताचा परवाना घेतलेला नसेल तर तुम्ही कितीही फॉर्म भरा, उपयोग नाही. "पण आमचा माल मोठ्यांसाठी आहे" ही पळवाटही तपासून घ्या. आदेशातली व्याख्या १४ वर्षांखालच्या मुलांना खेळण्यासाठीच्या वस्तूंची आहे, मग ती वस्तू फक्त तेवढ्यासाठीच असो वा नसो. बॉक्सवर 'फक्त संग्राहकांसाठी' छापलं म्हणजे सुटलो असं समजू नका. जानेवारी २०२३ मध्ये बीआयएसने मोठमोठ्या दुकानांमधून मार्क नसलेली हजारो खेळणी जप्त केली होती. मोठ्यांना सोडलं नाही, आपल्याला कोण सोडणार?

म्हणून माझा सल्ला: सुरुवात करायची तर आयएसआय मार्क असलेला, भारतातल्या वितरकाकडचा माल पक्क्या बिलाने घ्या. निवड कमी मिळेल, झोप पूर्ण मिळेल.

आणि डायनासोर विकण्यापेक्षा डायनासोरच्या आजूबाजूला बघा. दोन पायांवर उभ्या असलेल्या फिगरचा तोल मुळातच नाजूक. त्यात पीव्हीसी उन्हाने मऊ पडतं. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात बंद शोकेसमधला टी-रेक्स आठवड्याभरात नाकावर झुकलेला दिसतो. उपाय सोपा आहे: पाय गरम पाण्यात मिनिटभर धरा, सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात बुडवा. पण पुन्हा वाकू नये म्हणून आधार लागतो. पीएनएसओ बॉक्समध्ये पारदर्शक टेकू देते, बाकी बऱ्याच फिगर्सना तो नसतो. ॲक्रिलिकचे टेकू, खडक-मातीचे बेस, धूळ न शिरणाऱ्या काचपेट्या, मागे लावायचा जंगलाचा पडदा, हे सगळं लेझर कटिंगवाल्याकडून आणि गणपतीची सजावट करणाऱ्या कारागिराकडून आपल्याच गावात बनतं. त्याला ना कस्टम, ना साच्याचा खर्च. बाप्पाच्या हंगामानंतर हे कारागीर रिकामे असतात आणि नवीन फिगर्सच्या घोषणा त्यानंतरच सुरू होतात. जुळतंय बघा.

हात चांगला असेल तर आणखी एक वाट आहे. गुजरातमधून राजासॉरस मिळाला, त्याला २००३ मध्ये नाव मिळालं. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात लांब मानेचा एक शाकाहारी डायनासोर सापडला, १९९७ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि २००३ पासून त्याला इसिसॉरस म्हणतात. हे नाव कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून आहे, हेल्मेटवरच्या आयएसआयशी गल्लत नको! त्याची कवटी आणि मागचे पाय मिळालेले नाहीत. त्यामुळे मूर्तिकाराने ते कुठल्या भाऊबंदावरून घेतले हे कार्डावर लिहायला हवं, संग्राहक पहिला प्रश्न तोच विचारेल. डेव्हलपमेंट कमिशनर (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी केलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना बीआयएसच्या सक्तीतून सूट आहे, तेव्हा ती नोंदणी आधी करा. दुसऱ्या कंपनीच्या फिगरवरून साचा काढून नक्कल मात्र अजिबात ओतू नका. ती चोरी आहे आणि संग्राहक ती लांबून ओळखतो.

पुढच्या व्हिडिओत प्री-ऑर्डरचा एक पानी मराठी फॉर्म दाखवतो. माल उशिरा आला तर ॲडव्हान्स कधी आणि किती परत द्यायचा, ती अट त्यात कशी लिहायची, तेही सांगतो.