आधुनिक स्मारक नाण्यांचे वाढते प्रकार आणि नाणेसंग्राहकापुढील प्रश्न

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या इतिहास विभागात बहुधा एखादे काचेचे कपाट असते. त्यात काही शिवराई, काही मोगल रुपये, ब्रिटिश राजवटीतील नाणी आणि कोणीतरी भेट दिलेले आधुनिक नाण्यांचे अल्बम असतात. आमच्या विभागातही असे कपाट आहे आणि गेली काही वर्षे त्याची जबाबदारी प्रस्तुत लेखकाकडे आहे. प्राचीन आणि मध्ययुगीन नाण्यांच्या कप्प्यात वर्षानुवर्षे भर पडत नाही. खाली उतरतो तो आधुनिक स्मारक नाण्यांचा कप्पा, आणि तो कधीच पुरा होत नाही. ही अडचण केवळ जागेची किंवा निधीची नसून 'पूर्ण संग्रह' या कल्पनेचीच आहे, असे मत अनुभवान्ती बनले. प्रस्तुत लेखात त्याची कारणमीमांसा करण्याचा प्रयत्न केला आहे.

स्मारक नाण्यांचा भारतातील प्रवास

स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे १९६४ साली पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या निधनानंतर काढण्यात आले. एक रुपया आणि पन्नास पैसे अशा दोन मूल्यांत ते होते. पन्नास पैशांच्या काही नाण्यांवर नेहरूंचे नाव इंग्रजीत, तर काहींवर देवनागरीत आहे. म्हणजे प्रकारभेदाचा प्रश्न पहिल्याच नाण्यापासून सुरू होतो. मात्र त्या वेळी तो एका पाकिटात मावणारा होता. १९६९ मध्ये महात्मा गांधी जन्मशताब्दीनिमित्त वीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया आणि चांदीमिश्रित दहा रुपये अशी मालिका निघाली.

यानंतरच्या दशकातील नाणी अभ्यासकाने मुद्दाम हाताळावीत अशी आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या उपक्रमाशी जोडलेली ही नाणी अन्नधान्य, कुटुंबनियोजन, बचत, ग्रामीण स्त्रियांची उन्नती असे विषय घेऊन आली. १९७४ सालचे 'नियोजित परिवार'चे दहा पैशांचे नाणे अॅल्युमिनियमचे, हलके आणि नागमोडी कडेचे होते. ते भाजीवालीच्या गल्ल्यात, बसवाहकाच्या पिशवीत आणि शाळकरी मुलाच्या खिशात जाऊन आले. शासनाला जे सांगायचे होते ते सुट्ट्या पैशांतून घरोघरी पोहोचत होते. स्मारक नाणे आणि चलनी नाणे यांच्यात त्या काळी भिंत नव्हती.

पुढे ही भिंत उभी राहिली. एकाच प्रसंगासाठी व्यवहारातील लहान मूल्याचे नाणे आणि केवळ संग्राहकांसाठी मोठ्या मूल्याचे नाणे अशी जोडी रूढ होत गेली. मोठ्या मूल्यांचे आकडेही नंतर प्रसंगानुसार ठरू लागले. बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीसाठी १००० रुपये, आयकर विभागाच्या दीडशे वर्षांसाठी १५० रुपये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त २०१५ मध्ये १२५ रुपये, गुरू नानकदेवांच्या ५५० व्या प्रकाशपर्वानिमित्त २०१९ मध्ये ५५० रुपये, नव्या संसद भवनासाठी २०२३ मध्ये ७५ रुपये, रिझर्व्ह बँकेच्या नव्वदीनिमित्त २०२४ मध्ये ९० रुपये. मूल्य म्हणजे मोजमापाचे एकक ही नाण्याची मूळ भूमिका येथे मागे पडते आणि अंक हा वर्धापनदिनाचा आकडा बनतो. २०११ च्या नाणे अधिनियमाने हजार रुपयांपर्यंतच्या मूल्याचे नाणे काढण्याची तरतूद केली असून 'नाणे' या संज्ञेत स्मारक नाण्याचाही समावेश केला आहे. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने हे पैसेच आहेत. परंतु मूळ मूल्यापेक्षा कितीतरी अधिक किंमत मोजून घेतलेले नाणे किराणा दुकानात कोणी खर्च करील, हे संभवत नाही.

प्रकार कसे वाढतात?

संग्राहकाच्या दृष्टीने एक प्रसंग म्हणजे एक नाणे नव्हे. भारतात मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार टाकसाळी आहेत. सामान्यतः मुंबईचे चिन्ह समभुज चौकट, हैदराबादचे तारा आणि नोएडाचे ठिपका असते. कोलकात्याच्या नाण्यावर चिन्ह नसते. एखादे पाच रुपयांचे स्मारक नाणे चारही टाकसाळींत पाडले गेले, तर चौकस संग्राहकाला चार नाणी हवीत. दहा रुपयांचेही निघाले, की आठ. त्यावर मोठ्या मूल्याचे नाणे, त्याचा झळाळत्या पृष्ठभागाचा प्रूफ संच आणि साधा, परंतु व्यवहारात न आलेला संच. मध्येच धातू बदलला किंवा ठशात अक्षराची जाडी बदलली, तर सूचीत आणखी एक ओळ वाढते. बहिर्गोल भिंगातूनच दिसणारा फरक असला तरी अल्बममध्ये त्याच्यासाठी रिकामे भोक राहते, आणि ते भोक माणसाला झोपू देत नाही.

ही व्यथा केवळ भारतीय नाही. जर्मनीत दोन युरोंचे प्रत्येक स्मारक नाणे पाच टाकसाळींतून निघते व त्यावर ए, डी, एफ, जी, जे अशी अक्षरे असतात. एक विषय, पाच नाणी. परंतु या प्रश्नाचा सर्वांत बोधप्रद इतिहास अमेरिकेचा आहे. १९३० च्या दशकात तेथे स्मारक अर्ध्या डॉलरची अशी लाट आली की एकाच विषयाचे नाणे वर्षामागून वर्षे, तीन-तीन टाकसाळींतून निघत राहिले. डॅनियल बून यांच्या स्मरणार्थ निघालेल्या नाण्यात १९३५ साली छोटासा '१९३४' हा आकडा घालून नवा प्रकार निर्माण करण्यात आला. डेन्व्हर व सॅन फ्रान्सिस्को या दोन टाकसाळींत तो प्रत्येकी केवळ सुमारे दोन हजार पाडला गेला. मालिका पूर्ण असलीच पाहिजे या संग्राहकाच्या हट्टावर बाजार चालू शकतो, हे त्या वेळी स्पष्टपणे दिसून आले. अखेर १९३९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने जुन्या परवानग्यांखालील ही नाणी बंद केली. तरीही १९९५-९६ च्या अटलांटा ऑलिंपिकसाठी सोळा विषयांची, दोन्ही पद्धतींची धरून बत्तीस नाणी निघाली. त्यानंतर १९९६ च्या कायद्याने, १९९९ पासून वर्षाला दोनच स्मारक उपक्रम, अशी मर्यादा घालण्यात आली.

लक्षणीय गोष्ट अशी की त्याच १९९९ साली अमेरिकेने पन्नास राज्यांची पाव डॉलरची मालिका सुरू केली. वर्षाला पाच याप्रमाणे ती २००८ पर्यंत चालली. प्रकार तेथेही पुष्कळच होते, परंतु ते खिशातल्या सुट्ट्या पैशांत सापडत असत. म्हणून संख्या हाच एकमेव दोष मानता येत नाही; नाणे संग्राहकाकडे कोणत्या वाटेने येते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

व्यवहारातील गोंधळ

प्रकारांच्या वाढीचा परिणाम संग्राहकापुरता मर्यादित नाही. आपल्याकडे दहा रुपयांच्या नाण्याबाबत जे घडले ते सर्वांच्या स्मरणात असेल. वैष्णोदेवी, संसदेची साठ वर्षे, काथ्या मंडळ, योगदिन, डॉ. आंबेडकर अशी निरनिराळी चित्रे असलेली नाणी एकाच वेळी चलनात होती. नित्याच्या नाण्यातही कोठे दहा रेघा, कोठे पंधरा. कोठे रुपयाचे चिन्ह, कोठे नाही. 'पंधरा रेघांचे खोटे' अशी आवई उठली आणि अनेक दुकानदार, रिक्षाचालक ती नाणी नाकारू लागले. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावे लागले, की तोवर दहा रुपयांची नाणी चौदा प्रकारांत निघाली असून ती सर्व वैध आहेत. चौदा ही संख्या संग्राहकाला लहान वाटेल. कांदे विकणाऱ्या बाईला ती लक्षात ठेवणे शक्य नाही, आणि तिने ती ठेवावी अशी अपेक्षाही करू नये.

याचीच दुसरी बाजू अधिक क्लेशदायक आहे. द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे घेऊन विभागात आला. त्याला लाखो रुपये मिळतील, असे सांगणारी जाहिरात त्याने मोबाइलवर पाहिली होती आणि 'नोंदणी शुल्क' म्हणून वडिलांच्या खात्यातून रक्कमही भरली होती. नाणे अस्सल होते. व्यवहारात त्याची किंमत पाच रुपये होती. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या नावाने चालणाऱ्या जुन्या नोटा-नाण्यांच्या फसव्या खरेदी-विक्रीबाबत सावध केले होते, पण ते पत्रक त्याच्यापर्यंत पोहोचले नव्हते. आम्ही नाणकशास्त्राचे प्रमाणपत्र वर्ग घेतो, क्षत्रप आणि सातवाहन शिकवतो, परंतु मुलाच्या खिशातल्या नाण्याविषयी त्याला काही सांगितलेले नव्हते, ही गोष्ट मला फार लागली.

संग्रहाची सीमा कोठे आखावी?

सीमा आखण्याचे मार्ग अनेक आहेत. कोणी एकच टाकसाळ धरतो, कोणी एकच मूल्य, तर कोणी महाराष्ट्राशी निगडित विषय. १९९९ सालची छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे व संत ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे नाणे यांपासून असा प्रादेशिक संग्रह सहज सुरू करता येतो. हे सर्व मार्ग योग्यच आहेत. परंतु शैक्षणिक संग्रहासाठी मला वेगळा निकष सुचवावासा वाटतो. जे नाणे व्यवहारातून हाती आले तेच ठेवावे, आणि ते कोठे व केव्हा आले याची नोंद ठेवावी.

यामागील कारण नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभीचा नाणेनिधी सांगतो. १९०६ मध्ये सापडलेल्या या निधीत तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर, नहपानाच्या मूळ छापावर, गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा उमटवला होता. एका सत्तेचा पराभव आणि दुसरीचा उदय आपण त्या नाण्यांत वाचू शकतो, कारण ती चलनात होती आणि एका जागी, एकत्र मिळाली. हीच नाणी सुटी-सुटी, मखमली डब्यांत आपल्याकडे आली असती तर एवढे कळले नसते. टाकसाळीतून थेट कपाटात गेलेला प्रूफ संच सुंदर असतो, परंतु शासनाने काय छापले यापलीकडे तो काही सांगत नाही. लोकांनी ते नाणे घेतले की नाकारले, ते कोणत्या गावापर्यंत पोहोचले, किती वर्षे फिरले, यांवर तो मुका असतो. तो घेऊ नये असे नाही. त्याला पदकाचा दर्जा द्यावा आणि त्याच्यावाचून संग्रह अपुरा मानू नये.

या विचाराला बळ मिळाले ते एका निवृत्त बँक रोखपालांच्या संग्रहामुळे. त्यांनी विभागाला बुटांच्या तीन खोक्यांत नाणी भेट दिली. त्यांत एकही प्रूफ संच नव्हता. प्रत्येक नाणे पगाराच्या जुन्या पाकिटांच्या तुकड्यांत गुंडाळलेले होते आणि वर पेन्सिलीने लिहिले होते: तारीख, शाखा आणि भरणा करणाऱ्याचा व्यवसाय. दूधसंघ. एस.टी. कॅन्टीन. देवस्थानची पेटी. सुरुवातीला मी ही पाकिटे टाकून देऊन नाणी अल्बममध्ये भरण्याच्या बेतात होतो. सुदैवाने सुटी लागली आणि ते काम राहून गेले. नंतर पाकिटे वाचत गेलो तेव्हा एकाच साली निघालेली दोन स्मारक नाणी तालुक्याच्या गावी किती वेगवेगळ्या काळात पोहोचली, हे समजू लागले.

तेव्हापासून विभागाने निधीतून संच मागवणे थांबवले आहे. त्याऐवजी एक नोंदवही ठेवली असून विद्यार्थी आपल्या हाती आलेले स्मारक नाणे तीत नोंदवतात: मूल्य, विषय, वर्ष, टाकसाळचिन्ह, ठिकाण, आणि शेवटच्या रकान्यात ते कोणी नाकारले होते काय. चिन्ह ओळखण्यासाठी भिंग टेबलावर बांधून ठेवले आहे. फसवणूक झालेल्या त्या विद्यार्थ्याचे पाच रुपयांचे नाणे वहीत पहिल्या क्रमांकावर आहे. ठिकाणाच्या रकान्यात त्याने 'वडिलांचे पानाचे दुकान' असे लिहिले आहे, आणि शेवटच्या रकान्यात 'नाही'.