चौथ्या दिवसाचे कोडे

मेंदूच्या तळाशी रोहिण्यांचे जे कडे आहे, आणि १६६४ साली मेंदूच्या रचनेवर ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या टॉमस विलिस या इंग्रज वैद्याच्या नावाने जे आजही ओळखले जाते, त्या कड्याच्या एखाद्या फाट्यापाशी भिंत दुबळी होऊन तिला फुगवटा येतो, वर्षानुवर्षे तो कोणतीही वर्दी न देता तेथे राहतो, आणि एके दिवशी, माणूस जेवत असता किंवा जिना चढत असता, तो फुटतो. जन्मात कधी अनुभवली नाही अशी डोकेदुखी उसळते, मान ताठते, शुद्ध हरपते. कित्येक रोगी रुग्णालयापर्यंत पोहोचतही नाहीत. जे पोहोचतात त्यांच्या फुगवट्याच्या मानेवर शस्त्रवैद्य चिमटा बसवतो किंवा आत बारीक तारेची वेटोळी भरून तो बंद करतो, रोगी डोळे उघडतो, मुलांना नावाने हाक मारतो, आणि घरच्यांच्या जिवात जीव येतो. मग रक्तस्रावापासून चौथ्या, पाचव्या, कधी सातव्या दिवशी एखाद्याचा उजवा हात लुळा पडतो, शब्द जिभेवर अडखळू लागतात, आणि पुन्हा तपासावे तर नवा रक्तस्राव कोठेही सापडत नाही.

लिस्बनच्या एगास मोनीझने १९२७ मध्ये मेंदूतील रोहिण्यांचे क्ष-किरण चित्र घेण्याची रीत शोधून काढली होती. तिचाच आधार घेऊन १९५१ साली अमेरिकेत आर्थर एकर आणि पॉल रीमेनश्नायडर यांनी दाखवून दिले की फुगवटा फुटलेल्या रोग्यांत मेंदूच्या रोहिण्या स्वतःच आकसून बारीक झालेल्या असतात. पुढे अशी शेकडो चित्रे तपासली गेल्यावर या आकसण्याचे वेळापत्रकही ठरून गेले: आरंभ साधारण तिसऱ्या दिवशी, परमावधी सातव्याच्या आसपास, ओसर दोन आठवड्यांत. रोहिणी अरुंद का होते, यापेक्षा ती इतक्या उशिरा अरुंद का होते, हाच प्रश्न मला या साऱ्या प्रकरणात अधिक मोलाचा वाटत आला आहे. जखम झाली ती पहिल्या दिवशी. मग मधले तीन दिवस ती भिंत काय करीत होती?

आकसणे हा रोहिणीचा मूळचाच धर्म आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. शरीराच्या वजनाचा जेमतेम पन्नासावा हिस्सा असलेला मेंदू प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा खर्च करतो, आणि कवटीच्या बंदिस्त पेटीत राहत असल्यामुळे त्याला रक्त कमी पडून चालत नाही, तसे दाबाने कोंबले जाऊनही चालत नाही. म्हणून रक्तदाब वाढला की त्याच्या रोहिण्या आवळतात आणि उतरला की सैलावतात. रोहिणीची भिंत आतून ताणली गेली की ती आपण होऊन आवळते, हे विल्यम बेलिसने १९०२ मध्येच नोंदवले होते. या बंदोबस्तात थोडासा फरक किती भारी पडतो याचा हिशोब सोपा आहे: नळीची त्रिज्या निम्मी झाली, की त्याच दाबाखाली तिच्यातून वाहणारा प्रवाह सोळावा हिस्सा उरतो.

आवळण्याचा हुकूम भिंतीतील अरेखित स्नायूंच्या पेशींना मिळतो तो ग्राहींकडून. केंब्रिजच्या जॉन लँग्लीने १९०५ साली, निकोटीन आणि क्युरारी यांचे स्नायूंवरील परिणाम ताडून पाहताना, पेशीत औषध ओळखून धरणारे एखादे द्रव्य असलेच पाहिजे असे अनुमान केले होते. आज आपण जाणतो की ही ग्राही नावाची प्रथिने पेशीच्या आवरणात रोवलेली असतात, आणि आवळण्याचा हुकूम देणाऱ्या कुळातील ग्राहींची साखळी ते आवरण सात वेळा आरपार ओलांडते. रक्तातून किंवा शेजारच्या पेशीतून आलेला रेणू बाहेरच्या टोकाला नेमका बसला, की आतल्या टोकाला हालचाल होते, निरोपे रेणू सुटतात, पेशीतील कोठारांतून कॅल्शियम बाहेर पडते, आणि त्याच्या प्रेरणेने स्नायूतील तंतू एकमेकांवर सरकून पेशी आखडते. याच वेळी दुसरी एक तजवीज स्नायू सैल करणाऱ्या विकराला अडवून धरते, म्हणून कॅल्शियम ओसरल्यावरही आवळ टिकून राहते. एक गोष्ट मात्र विसरता कामा नये: ग्राहीच नसेल तर कितीही निरोप आले तरी पेशी बधिर राहते, अंमल चालतो तो दारावर ग्राही किती आणि कोणते तैनात आहेत यावर.

या निरोप्यांत सर्वांत प्रबळ एंडोथेलिन. १९८८ साली जपानमधील त्सुकुबा विद्यापीठात मासाशी यानागिसावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या महारोहिणीच्या अंतःस्तरातून हा एकवीस अमिनो आम्लांचा रेणू वेगळा केला, आणि लवकरच असे दिसून आले की बिळात राहणाऱ्या एका सापाच्या विषातील साराफोटॉक्सिन हे द्रव्य जवळजवळ त्याचेच भावंड आहे. जे आपल्या रोहिण्यांचे अस्तर कणाकणाने वापरते तेच त्या सापाने विषग्रंथीत साठवावे, हा योगायोग मला प्रत्येक वेळी नव्याने थक्क करतो. एंडोथेलिनचे दोन ग्राही १९९० मध्ये ओळखले गेले. निरोगी मेंदूच्या रोहिणीत ‘ए’ ग्राही स्नायूवर बसून आवळतो. ‘बी’ ग्राही मात्र आतल्या अस्तरावर बसून नायट्रिक ऑक्साइड सोडवतो आणि भिंत सैल करतो.

चौथ्या दिवसाच्या कोड्याचा एक उलगडा साकळलेल्या रक्तात आहे. तांबड्या पेशी फुटण्यास काही दिवस लागतात. त्या फुटल्या की मोकळे झालेले हीमोग्लोबिन सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड गिळून टाकते. परंतु दुसरा उलगडा भिंतीच्या पोटात होता, आणि तो स्वीडनमधील लुंड येथे लार्स एडविन्सन यांच्या प्रयोगशाळेने चिकाटीने खणून काढला. रोहिणीचे तुकडे शरीराबाहेर एकदोन दिवस पोषक द्रवात ठेवले, की केवळ ‘बी’ ग्राहीलाच चेतवणाऱ्या साराफोटॉक्सिनच्या एका प्रकाराने ते आवळू लागतात, जे ताज्या रोहिणीत घडत नाही. म्हणजे एरवी सैल करणारा ग्राही आता स्नायूवर अवतरून आवळण्याच्या कामाला लागला. जनुकांची नक्कल थांबवणारे द्रव्य आधीच घातले, तर हे काहीच घडत नाही. उंदरांच्या मेंदूभोवती रक्त सोडल्यावर दोन दिवसांत तेच दिसले, आणि एंडोथेलिनच्या जोडीला सेरोटोनिनचे व अँजिओटेन्सिनचे आवळणारे ग्राहीही वाढलेले आढळले. मधल्या त्या दिवसांत भिंत स्वस्थ नव्हती. तिच्या पेशींच्या केंद्रकातील दफ्तरातून नव्या ग्राहींचे मसुदे निघत होते, प्रथिने घडत होती, आणि एकेक करून आवरणावर रुजू होत होती.

हे कळल्यावर क्लाझोसेंटान या औषधाची कैफियत निराळी वाचता येते. ते ‘ए’ ग्राहीला अडवते. ४१३ रोग्यांवरील चाचणीत त्याच्या सर्वांत मोठ्या मात्रेने मध्यम व तीव्र आकसण्याचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आणले. असे यश या रोगाने पूर्वी पाहिले नव्हते. पण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रोग्यांची अंतिम स्थिती सुधारली नाही. याउलट निमोडिपिन, जे कॅल्शियमचे द्वार रोखते आणि चित्रातील मोठ्या रोहिण्या फारशा रुंद करीत नाही, त्याने १९८९ च्या ब्रिटिश चाचणीत मेंदूचा भाग मृत होण्याचे प्रमाण ३३ टक्क्यांवरून २२ वर आणले होते. चित्रात न दिसणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या, त्यांतील गुठळ्या, पहिल्याच तासांत झालेली मेंदूची इजा, यांचा वाटा या विसंगतीत आहेच. तरीही एक दार अडसराने बंद केले असता शेजारी तीन नवी दारे बांधली जात होती, ही लुंडकरांची हरकत मला सहजी डावलता येत नाही. त्यांनी उंदरांत नवे ग्राही घडवण्याचा हुकूमच पेशीच्या आत अडवला, तोही रक्तस्रावानंतर सहा तासांनी, आणि ग्राही वाढले नाहीत, रक्तप्रवाह टिकला, जनावरे चालण्यात सावरली. माणसात हा उपाय अजून रुळलेला नाही.

तोवर अतिदक्षता कक्षात एकवीस दिवसांची मुदत पाळली जाते. दर चार तासांनी, मध्यरात्रीही, निमोडिपिनच्या गोळ्या. आणि त्यांच्या मधल्या वेळी परिचारिका रोग्याला हलवून जागे करते, त्याचे नाव विचारते, दोन्ही हात वर उचलायला सांगते, आणि उजवा हात डाव्याइतकाच वर राहतो का, हे पाहत उभी राहते.