विश्लेषण : आगीचा भोंगा ऐकूच येत नसेल तर?

३ एप्रिल २०२४ची पहाट. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात एका इमारतीच्या तळमजल्यावरील शिवणकामाच्या दुकानाला चारच्या सुमारास आग लागली. वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातील सात जणांचा मृत्यू झाला, त्यात दोन लहान मुले होती. पोलिसांच्या प्राथमिक माहितीनुसार आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. मृत्यू झाला तो धुराने गुदमरून. त्याआधी तीन महिन्यांपूर्वी, ३१ डिसेंबर २०२३च्या पहाटे, वाळूज औद्योगिक वसाहतीतील हातमोज्यांच्या कारखान्यात आत झोपलेले सहा कामगार आगीत गेले. दोन्ही वेळा माणसे गाढ झोपेत होती.

झोपलेल्या माणसाला धुराचा वास जागे करील, ही समजूत चुकीची आहे. झोपेत नाक फारसे काम करत नाही आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड झोप मोडण्याऐवजी माणसाला गुंगीत नेतो. म्हणून तर छतावर ‘स्मोक अलार्म’ बसवायचा आणि त्याचा कर्कश भोंगा वाजला की उठून बाहेर पडायचे. पण या साऱ्या व्यवस्थेने एक गोष्ट गृहीत धरलेली असते : घरातल्या माणसाला ऐकू येते. ज्याला येत नाही, त्याचे काय?

हा प्रश्न नेमका कोणाचा?

२०११च्या जनगणनेत देशात सुमारे ५० लाख लोकांनी ऐकण्याशी संबंधित अपंगत्वाची नोंद केली होती. प्रत्यक्षात प्रश्न त्याहून मोठा आहे, कारण वयामुळे ऐकू कमी येणारे आजी-आजोबा स्वतःला कर्णबधिर म्हणवून घेत नाहीत आणि अशा नोंदीत येत नाहीत. ‘जरा मोठ्याने बोल’ एवढ्यावरच त्यांचा विषय संपतो.

यातली खरी मेख अशी की, वयानुसार आधी जातो तो उंच पट्टीचा आवाज. आणि बाजारात मिळणाऱ्या साध्या स्मोक अलार्मचा भोंगा नेमका त्याच पट्टीत, म्हणजे सुमारे ३,००० हर्ट्झच्या आसपास वाजतो. समोर बसून गप्पा मारणाऱ्या आजोबांना शेजारच्या खोलीतला अलार्म ऐकू येत नाही, याचे कारण हे. शिवाय श्रवणयंत्र रात्री काढून डबीत ठेवले जाते. कॉक्लिअर इम्प्लांट केलेली मुलेही झोपताना बाहेरचा प्रोसेसर काढतात. दिवसा यंत्राच्या मदतीने उत्तम ऐकणारी व्यक्ती रात्री अकरानंतर पूर्ण शांततेत असते.

दिसणारा अलार्म म्हणजे काय?

स्मोक अलार्मच्या आत एक छोटी काळी पोकळी असते. तिच्यात प्रकाशाचा किरण सोडलेला असतो. धूर आत शिरला की किरण विखुरतो, सेन्सरवर पडतो आणि यंत्राला इशारा मिळतो. इथपर्यंत सगळे अलार्म सारखेच. फरक पुढे आहे. भोंग्याबरोबर किंवा भोंग्याऐवजी हा इशारा झगझगीत पांढऱ्या चमकदिव्याला दिला जातो. हा ‘स्ट्रोब’ साधारणपणे सेकंदाला एक ते दोन वेळा लखलखतो. मॉल, चित्रपटगृह, रुग्णालय, कार्यालय, मोठा आवाज असणारा कारखाना अशा ठिकाणी, जिथे माणसे जागी असतात, तिथे तो चांगले काम करतो. कानात बोळे घालून यंत्रावर उभ्या असलेल्या, उत्तम ऐकू येणाऱ्या कामगारालाही त्याचा उपयोग होतो.

चमक किती तीव्र हवी, याचेही गणित आहे. अमेरिकेतील ‘एनएफपीए ७२’ या संहितेनुसार झोपण्याच्या खोलीत दिवा छतापासून सुमारे ६० सेंटिमीटरहून खाली असेल तर ११० कँडेला आणि त्याहून वर, छताजवळ असेल तर १७७ कँडेला तीव्रता लागते. धूर आधी छताशी साठतो आणि तिथला दिवा झाकोळतो, म्हणून वरच्या दिव्याला जास्त जोर. दिवा उशीपासून १६ फुटांच्या आत असावा, असेही ही संहिता सांगते. एकाच खोलीत दोन दिवे असतील तर ते एकाच ठेक्यात लखलखायला हवेत. वेगवेगळ्या ठेक्यातली चमक फिट येणाऱ्या व्यक्तीला त्रासदायक ठरू शकते.

मग दिवा बसवला की झाले?

नाही. आणि बहुतेकांची फसगत होते ती इथेच.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या डोरोथी ब्रुक आणि इयन थॉमस यांनी २००७ मध्ये ऐकू कमी येणाऱ्या ३८ जणांवर झोपेतल्या चाचण्या घेतल्या. साध्या उंच पट्टीच्या भोंग्याने सुमारे ५६ टक्के लोक जागे झाले. गादीखाली किंवा उशीखाली थरथरणाऱ्या यंत्राने सुमारे ८० टक्के. सर्वांत कमी तीव्रतेच्या नुसत्या चमकदिव्याने जेमतेम २७ टक्के. सर्वांत प्रभावी ठरला तो ५२० हर्ट्झचा, खालच्या पट्टीचा खरखरीत आवाज. त्याने ९२ टक्के लोकांना उठवले.

हे आकडे थोडे ऐकू येणाऱ्यांचे आहेत, हे लक्षात ठेवायला हवे. ज्यांना अजिबात ऐकू येत नाही त्यांना ५२० हर्ट्झचाही उपयोग नाही. त्यांच्यासाठी थरथर हाच मुख्य मार्ग, आणि दिवा त्याच्या जोडीला : जाग आल्यावर हे नक्की कशामुळे, ते सांगायला. मिटलेल्या पापण्या, डोक्यावर ओढलेली गोधडी, मच्छरदाणी, भिंतीकडे केलेले तोंड, यातून दिवा किती पोहोचणार? म्हणूनच ‘एनएफपीए ७२’ तीव्र श्रवणदोष असलेल्यांसाठी दिसणारा आणि स्पर्शाने कळणारा असे दोन्ही इशारे मागते. ब्रिटनमध्ये कर्णबधिरांसाठीच्या अलार्म संचाला ‘बीएस ५४४६-३’ हे वेगळे मानक आहे आणि अनेक अग्निशमन दले घरी येऊन असा संच बसवून देतात.

घरात बसवताना काय पाहायचे?

संपूर्ण संचाचे तीन भाग असतात : छतावरचा स्मोक अलार्म, पलंगाशेजारी ठेवायचा दिव्याचा डबा आणि वायरने त्याला जोडलेली हाताच्या पंजाएवढी थरथरणारी चकती, म्हणजे ‘बेड शेकर’. पहिल्या दोघांत वायर नसते, ते रेडिओ लहरींवर बोलतात. असे संच आपल्याकडे कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानात मिळत नाहीत. मागवावे लागतात आणि साध्या अलार्मच्या अनेक पट महाग पडतात. दारावरच्या बेलची थरथर आणि आगीची थरथर वेगळी ठेवता येईल असा संच घ्यावा. नाहीतर पहाटे दूधवाल्याने बेल वाजवली तरी छातीत धस्स होणार, आणि आठवड्याभरात चकती काढून कपाटात जाणार.

परदेशी माहितीपुस्तिका पलंग आणि स्प्रिंगची गादी गृहीत धरतात. आपल्याकडे कापसाची जाड गादी असते आणि कित्येक जण जमिनीवर अंथरूण टाकून झोपतात. जाड गादीखाली चकतीची थरथर मरून जाते. ती उशीच्या अभ्र्यात किंवा गादी आणि चादर यांच्या मध्ये, खांद्याच्या रेषेत ठेवावी. ती सरकू नये म्हणून अभ्र्याला आतून एक कप्पा शिवून घेणे सोपे.

अलार्मची जागाही इथल्या सवयी पाहून ठरवायला हवी. स्वयंपाकघरात स्मोक अलार्म लावला तर रोजच्या फोडणीलाच वाजेल. तिथे उष्णता ओळखणारा डिटेक्टर योग्य. देवघराच्या अगदी वर नको. मार्च ते जून या शहरात घरोघरी कूलर सुरू असतो. त्याच्या किंवा पंख्याच्या थेट झोतात अलार्म असेल तर धूर त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच उडून जातो. पत्र्याच्या घरात पत्र्याला चिकटवून उष्णतेचा डिटेक्टर लावू नये, मे महिन्यात पत्राच इतका तापतो की खोटा इशारा मिळू शकतो. झोपण्याच्या खोलीच्या बाहेर एक आणि जिन्याच्या तोंडाशी एक अलार्म असेल तर खालून येणारा धूर आधी पकडला जातो. तळाला दुकान आणि वर घर अशा जुन्या शहरातील इमारतींत जिन्याशेजारचा हा अलार्म सर्वांत मोलाचा.

वीज गेली तरी संच चालला पाहिजे, म्हणजे डब्यात स्वतःची बॅटरी हवीच. इन्व्हर्टरवर विसंबू नये, आग इन्व्हर्टरलाही लागते. महिन्यातून एकदा चाचणीचे बटण दाबावे. ते घरातल्या दुसऱ्याने दाबावे, आणि कर्णबधिर व्यक्ती खरोखर झोपलेली असताना. साध्या स्मोक अलार्मचे आयुष्य साधारण दहा वर्षे असते. त्यानंतर हिरवा दिवा लागत असला तरी तो बदलायचा.

मोबाइल पुरत नाही का?

अँड्रॉइडवरील ‘साउंड नोटिफिकेशन्स’ आणि आयफोनच्या ‘अॅक्सेसिबिलिटी’मधील ‘साउंड रेकग्निशन’ या सोयी २०२०पासून आहेत. जवळ वाजणारा स्मोक अलार्म ओळखून फोन थरथरतो, सूचना दाखवतो. मनगटी घड्याळ जोडले असेल तर तेही थरथरते. फुकट आहे, आजच सुरू करावे. पण घरात मुळात अलार्म नसेल तर फोन काय ओळखणार? टेबलावर चार्जिंगला लावलेल्या फोनची थरथर झोपेत कळत नाही. धोक्याच्या प्रसंगी या सोयीवर अवलंबून राहू नका, असे खुद्द अॅपलच सांगते.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांच्या तपशिलाची नोंद ठेवायची असते आणि धोक्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था करायची असते. कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य व्हायला हव्या होत्या. केंद्राच्या २०२१च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत ऐकू येणाऱ्या इशाऱ्याबरोबर दिसणारा इशाराही अपेक्षित आहे. मात्र ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे मूळ नियम सक्तीचे नसून केवळ शिफारशींसारखे आहेत, असे सांगत सक्तीची मानके ठरवण्याचा आदेश दिला.

महाराष्ट्राच्या २००६च्या अग्नि प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यावे लागते. सोसायटीत, वसतिगृहात कर्णबधिर व्यक्ती राहत असेल तर दिव्याचा विषय काढायची हीच वेळ, कारण यंत्रणा तपासणारा माणूस तेव्हा इमारतीत आलेला असतो. अजिंठा-वेरूळच्या निमित्ताने देशोदेशीचे पर्यटक ज्या हॉटेलांत उतरतात, त्यांनी असा एखादा हलवता येणारा संच स्वागतकक्षात ठेवला तर मागेल त्या पाहुण्याच्या खोलीत तो लावता येईल.

जाग आल्यावर पुढे काय?

अंधारात खुणांची भाषा दिसत नाही. वीज गेलेली, धूर भरलेला, अशा वेळी कर्णबधिर जोडप्याला एकमेकांना ‘जिन्याने नको, गॅलरीकडे’ एवढेही सांगता येत नाही. म्हणून उशीजवळ टॉर्च हवी, दोघांची वेगळी. हातावर किती थापा म्हणजे ‘आग’, हे घरात आधीच ठरलेले असावे. दार उघडण्यापूर्वी हाताच्या पालथ्या बाजूने चाचपावे, गरम असेल तर उघडू नये. धुरातून जाताना वाकून किंवा रांगत जावे. गॅलरीच्या जाळीला कुलूप असेल तर किल्ली तिथेच खिळ्याला टांगलेली हवी. फोनवर बोलता येत नसेल तर ‘११२ इंडिया’ अॅप आधीच नोंदणी करून ठेवावे. शेजारच्या एका घराला सांगून ठेवावे, म्हणजे ते लोक १०१वर फोन करतील आणि अग्निशमन दलाच्या जवानांना सांगतील की आतल्या माणसाला हाका ऐकू येणार नाहीत.

उन्हाळ्यात अनेक घरे गच्चीवर झोपतात. तेव्हा पलंगाशेजारचा डबा आणि चकती खालीच राहतात, आणि आग लागली तर धूर जिन्याने वरच येतो. गच्चीवर जाताना डबाही सोबत न्यावा आणि झोपण्यापूर्वी कोणाला तरी खाली पाठवून अलार्मचे बटण दाबून पाहावे. मधल्या स्लॅबमधून लहरी पोहोचतातच असे नाही.