रानटी आग

अंगावर फोड आलेला मनुष्य दिसला की आपण चार पावले दूर सरतो. पेम्फिगस या विरळा रोगापुरती तरी ही भीती व्यर्थ आहे. त्वचेच्या पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणाऱ्या प्रथिनावर शरीराचीच प्रतिपिंडे चालून जातात, सांधा सुटतो आणि तेथे फोड उठतो. जंतूची लागण नव्हे.

परंतु हा रोग सर्वत्र एकाच वेषाने वावरत नाही. आपल्याकडे तो पुष्कळदा तोंडातील जखमांनी सुरू होतो. अश्केनाझी ज्यूंमध्ये हाच प्रकार अधिक; तेथे आनुवंशिकतेचा धागा स्पष्ट दिसतो. ब्राझीलच्या खेड्यांत मात्र वरवरच्या फोडांचा प्रकार घर करून आहे. फोगो सेल्वाजेम, म्हणजे रानटी आग, हे त्याचे तिथले नाव. लिमाओ वेर्दे या तेरेना आदिवासींच्या वस्तीतील तपासणी २००० साली प्रसिद्ध झाली. निरोगी माणसांपैकीही ५५ टक्क्यांच्या रक्तात डेस्मोग्लीन या त्वचेतील प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे निघाली! मग आजार थोड्यांनाच का? साऱ्यांची प्रतिपिंडे सारखी नसतात, आणि वंशदायही निराळा. मुळाशी संशय आहे तो चावणाऱ्या माश्यांवर: वाळूमाशीच्या लाळेतील एका प्रथिनाला ओळखणारी प्रतिपिंडे डेस्मोग्लीनलाही जाऊन भिडतात. तेव्हा एका घरात दोघे आजारी दिसले, तर एकाचे दुसऱ्याला लागले असे समजू नये. रक्ताचे नाते एक, आणि माश्याही त्याच.