गोळी आधी, पोहे नंतर

सकाळी साडेसहाला इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका मराठी घरात आजी गॅस पेटवण्याआधी गोळी काढतात. "अहो, उठा, घ्या बरं," म्हणत पाण्याचा पेला आजोबांच्या डाव्या हातात देतात. या वेळी उजव्या हाताची थरथर जास्त असते. गोळी घशाखाली उतरली की फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर वेळ टिपायची. पोहे भिजवायचे ते त्यानंतरच.

गोळी लेवोडोपाची, आजोबांच्या पार्किन्सन्सच्या आजारावरची. लहान आतड्यात ज्या वाटेने ती रक्तात शिरते, त्याच वाटेने प्रथिनांचे घटकही शिरतात, आणि गर्दीत गोळी मागे पडते. पूर्वी आजोबा ती पेलाभर दुधाबरोबर घ्यायचे. नऊ वाजले तरी सदऱ्याची बटणं लागत नसत. डॉक्टरांनी दूध रात्रीवर नेलं, तेव्हा फरक दिसला. तरी एखाद्या दिवशी गोळी 'लागत' नाही. जठरच सुस्तावलेलं असतं, गोळी आतड्यापर्यंत उशिरा पोचते.

जठर सुस्तावतं कशामुळे? अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या भिंतीत चेतापेशींची जाळी पसरलेली असतात. एक स्नायूंच्या दोन थरांमध्ये, अन्न पुढे सरकवणारं. दुसरं अस्तराखाली, पाझर सांभाळणारं. या पेशी दहा कोटींच्या घरात तरी असाव्यात. पार्किन्सन्समध्ये त्यांच्यातही अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या सापडतात, मेंदूत सापडतात तशाच. जर्मनीच्या हायको ब्राक यांनी २००३ मध्ये असा तर्क मांडला की, आजार आतड्यातून व्हेगस चेतेवाटे मेंदूकडे चढत असावा. सगळ्याच रुग्णांना तो लागू पडत नाही. काहींमध्ये सुरुवात मेंदूतच होत असावी.

आजींना हे सांगितलं तर त्या लगेच मान हलवतात. हात थरथरू लागण्याच्या आठ-दहा वर्षं आधीपासून यांचं पोट साफ होत नव्हतं. नीमचच्या मंडीचं इसबगोल तेव्हापासून घरात आहे. अर्थात बद्धकोष्ठ घरोघरी असतं, आणि त्यातल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. कुणी धास्ती घेऊ नये. पण जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ च्या निबंधात कंपाबरोबर पोटाची तक्रारही नोंदवली होती. कंपाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं, पोटाकडे फार उशिरा, याची हळहळ वाटते.

सव्वासात. वाफेवरच्या पोह्यांवर शेव पडते. जिरावन मसाला आजोबा स्वतः भुरभुरतात, उजव्या हाताने. थोडं बशीच्या काठावर सांडतं. आजी कागदावर दुपारच्या गोळीची वेळ लिहितात.