मागच्या ओळीचं खरकटं

सोसायटीच्या मेंटेनन्सचं एखादं अ‍ॅप घ्या. १२० फ्लॅटची यादी. ज्यांचे पैसे आलेले नाहीत त्यांच्या नावापुढे लाल अक्षरांत ‘थकबाकी’. सेक्रेटरी यादी सरकवत खाली जातात, पुन्हा वर येतात, आणि पहिल्या तारखेलाच पैसे भरणाऱ्या ३०४ मधल्या कुलकर्ण्यांपुढेही ‘थकबाकी’ झळकू लागते. अ‍ॅप बंद करून उघडलं की ती गायब. परत सरकवलं की आता ५०२ मधल्या देशपांड्यांपुढे. हिशेबाच्या नोंदी पाहाव्यात तर चोख. सर्व्हर ठीक, नेटवर्क ठीक, कुणी हॅक वगैरे काही केलेलं नाही. मीटिंगमध्ये भांडण जुंपायला मात्र एवढं पुरतं.

फोनवरच्या त्या यादीत १२० ओळी मुळात नसतातच. पडद्यावर एका वेळी दहा-बारा मावतात, म्हणून अ‍ॅप तेवढ्याच ओळी तयार करतं आणि वर दोन-चार जास्तीच्या. यादी वर ढकलली की वरच्या काठाने बाहेर गेलेली ओळ टाकून दिली जात नाही. तिच्यावर नवं नाव, नवा फ्लॅट नंबर लिहिला जातो आणि तीच ओळ खालच्या काठाने पुन्हा आत येते. नावं हजार असोत की लाख, ओळी त्याच.

एवढी काटकसर कशासाठी, ते २००८ चे फोन आठवले की कळतं. अँड्रॉइडचा पहिला फोन, टी-मोबाइल जी-वन, त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आला. त्याची मेमरी १९२ मेगाबाइट, आणि त्यातली एका अ‍ॅपच्या वाट्याला येणारी जेमतेम १६. पहिल्या आयफोनची सगळी मेमरीच १२८ मेगाबाइट होती. पण मेमरीपेक्षाही खरी टंचाई होती वेळेची. पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवायचा तर प्रत्येक खेपेला साधारण १६ मिलिसेकंद मिळतात. यादीतली एक ओळ म्हणजे एकच वस्तू नव्हे: तिच्यात फोटोची चौकट, दोन-तीन मजकूर, एखादा चौकोनी टिकबॉक्स, या सगळ्यांना धरून ठेवणारी एक मांडणी. आराखड्याची फाइल वाचून हे सगळं उभं करायचं तर ते १६ मिलिसेकंद बघता बघता संपतात, आणि यादी अडखळते. वर टाकून दिलेल्या ओळींचा कचरा मेमरीतून उचलावा लागतो तो वेगळाच. जुन्या अँड्रॉइडमध्ये ही सफाई चालू असताना अ‍ॅपचं बाकी सगळं काम थांबायचं, आणि हा थांबा अनेकदा १०० मिलिसेकंदांच्या वर जायचा. बोट सरकतंय आणि यादी जागच्या जागी खिळलेली, हा अनुभव जुने फोन वापरलेल्यांना नवा नाही.

आता फोनमध्ये आठ-आठ गिगाबाइट मेमरी असते, मग हे कशाला, असा प्रश्न रास्त आहे. पण पडदेही आता सेकंदाला १२० वेळा रंगतात, म्हणजे हातात १६ ऐवजी आठच मिलिसेकंद. तंगी तशीच राहिली.

ही युक्ती फोनच्याही आधीची आहे. जावाच्या ‘स्विंग’मध्ये तक्त्याच्या सगळ्या ओळी एकच घटक पुन्हा पुन्हा रंगवून उमटवत, आणि तिथेही एका ओळीला दिलेला लाल रंग बेसावध प्रोग्रामरच्या तक्त्यात पुढच्या सगळ्या ओळींना लागायचा. रोगही तितकाच जुना, म्हणायचं. अँड्रॉइडच्या ‘लिस्टव्ह्यू’ने जुनी ओळ प्रोग्रामरच्या हातात द्यायची पद्धत ठेवली, ती वापरायची की नवी बनवायची हे त्याच्या मर्जीवर. बरेच जण वापरतच नव्हते. २०१० च्या गुगल आय/ओ परिषदेत रोमाँ गी आणि अ‍ॅडम पॉवेल या अँड्रॉइडच्या अभियंत्यांनी एक अख्खं व्याख्यान केवळ या यादीवर दिलं, यावरून दुखणं किती पसरलं होतं याची कल्पना यावी. २०१४ मध्ये ‘रिसायकलरव्ह्यू’ आला आणि मर्जीचा भाग संपला. त्याने कामाचे दोन सरळ तुकडे केले: ओळ बनवणे आणि ओळ भरणे. बनवणं मोजक्या वेळा, भरणं अक्षरशः शेकडो वेळा.

गडबड होते ती या भरण्यात. लग्नाच्या पंगतीत उठलेल्यांची ताटं विसळून पुढच्या पंगतीला मांडतात; एखादं नीट विसळलं गेलं नाही तर मागच्याच्या लोणच्याचा डाग पुढच्याच्या ताटात येतो. यादीतल्या ओळीचं तेच होतं, फरक इतकाच की इथे विसळणारं वेगळं कुणी नाही. वाढणाऱ्यानेच ताट पुसायचं असतं. आपल्या मेंटेनन्सच्या अ‍ॅपमध्ये प्रोग्रामरने लिहिलेलं असतं: पैसे बाकी असतील तर लाल शब्द दाखव. नसतील तर काय, हे लिहिलेलंच नसतं. नवी कोरी ओळ असती तर शब्द आधीपासून लपलेलाच असतो, म्हणून चालून गेलं असतं. पण ही ओळ मघाशी एका थकबाकीदाराची होती. तिच्यावरचा लाल शब्द कुणी लपवलाच नाही आणि ती कुलकर्ण्यांच्या वाट्याला आली. दुरुस्ती एका वाक्याची: नसतील तर लपव. ‘जर’ लिहिला की ‘नाहीतर’ लिहायचाच, एवढा एक नियम पाळला तर असे निम्मे बिघाड जन्मालाच येणार नाहीत असं माझं मत आहे.

चूक इतकी साधी, तरी ती तपासणीत का सापडत नाही? कारण तपासणाऱ्याच्या फोनवर पाच-सहा खोटी नावं असतात. ती एका पडद्यावर मावतात, सरकवायला काही उरतच नाही, आणि एकही ओळ परत वापरली जात नाही. आणखी एक बारकी गंमत आहे. नुकत्याच बाहेर गेलेल्या दोन ओळी रिसायकलरव्ह्यू जशाच्या तशा, मजकुरासकट बाजूला ठेवतो. लगेच उलटं सरकवलं तर त्या न भरता तशाच परत येतात. त्यानंतरच्या ओळी वेगळ्या साठ्यात जातात, दर प्रकाराच्या पाच, आणि तिथून निघालेली ओळच नव्याने भरली जाते. त्यामुळे ज्याने यादी जरा खाली-वर करून पाहिली त्याला सगळं छान दिसतं. जोरात पार खालपर्यंत नेली, तर बिंग फुटतं.

फोटोंचं प्रकरण याहून नाजूक, कारण तिथे वेळेचा खेळ आहे. तिसऱ्या ओळीवर अनिताचं नाव आहे. तिचा फोटो सर्व्हरकडे मागितला. तो यायच्या आत तुम्ही यादी सरकवली, आणि तीच ओळ आता चौदाव्या जागी बाळकृष्णच्या नावाने उभी आहे. अनिताचा फोटो सावकाश येतो, आपल्याला सांगितलेल्या चौकटीत बसतो, आणि बाळकृष्णच्या नावाशेजारी अनिता हसताना दिसते. क्षणभराने बाळकृष्णचा फोटो आला तर ते झाकलं जातं. त्याचा आधी येऊन अनिताचा मागून आला, तर ती तिथेच मुक्काम ठोकते. ‘ग्लाइड’ आणि ‘पिकासो’ या फोटो आणणाऱ्या लायब्रऱ्या यावर उपाय करतात: त्याच चौकटीसाठी नवी मागणी आली की जुनी रद्द. पण बाळकृष्णने फोटो लावलेलाच नसेल, आणि म्हणून प्रोग्रामरने त्याच्यासाठी लायब्ररीला हाकच मारली नसेल, तर जुनी मागणी रद्द कोण करणार? फोटो नसेल तेव्हाही ‘ही चौकट रिकामी कर’ असं सांगावंच लागतं. अनुभवी मंडळीही इथे हमखास चुकतात.

इथवरचे बिघाड नुसते दिसण्याचे. टिकबॉक्स मात्र नोंदींनाच हात लावतो. हजेरीची यादी घ्या. ओळ भरताना प्रोग्रामर टिकबॉक्सला एक पहारेकरी लावतो: खूण बदलली की अमुक माणसाच्या नोंदीत लिही. ओळ दुसऱ्याकडे गेली तरी जुना पहारेकरी तिथेच असतो. नव्या माणसाची खूण नाही म्हणून अ‍ॅप टिकबॉक्स रिकामा करतं. पहारेकऱ्याला वाटतं, वापरणाऱ्यानेच खूण काढली, आणि तो जुन्या माणसाच्या नोंदीतली खूण पुसून टाकतो. आता पडद्यावर नव्हे, खऱ्या हजेरीपटात कुणीतरी गैरहजर झालं, नुसती यादी सरकवल्यामुळे! क्रम सांभाळला की हे टळतं: आधी जुना पहारेकरी काढा, मग खूण ठेवा, मग नवा लावा. ‘काढून टाका’ या बटणाचंही तसंच. ओळ भरताना ती सातवी होती म्हणून बटणात सात लिहून ठेवलं, आणि मधल्या काळात वरची एक ओळ निघून गेली, तर बटण शेजाऱ्याला उडवतं. ओळीचा नंबर बटण दाबलं जाईल त्या क्षणी विचारायचा असतो.

आयफोनवरही बिघाड याच जातीचे. तिथे ओळ पुन्हा वापरण्याआधी तिला आवरून घ्यायची एक खास जागा अ‍ॅपलने दिलेली आहे. सगळी साफसफाई तिथेच उरकायचा मोह होतो, पण अ‍ॅपलचाच सल्ला असा की मजकूर तिथे पुसत बसू नका, तो ओळ भरतानाच पूर्ण लिहा. मला हा सल्ला पटतो. पुसणं आणि लिहिणं दोन ठिकाणी विभागलं की नवा रकाना जोडताना एक जागा हमखास विसरली जाते.

२०२१ मध्ये गुगलचं ‘जेटपॅक कंपोज’ वापरासाठी पक्कं झालं. त्यात प्रोग्रामर ओळी हाताळतच नाही. पडदा कसा दिसायला हवा ते सांगतो, बाकीचं यंत्रणा पाहते. ‘नाहीतर’ विसरण्याचा रोग त्यामुळे बराच हटला. तरी ओळींना स्वतःची ओळख दिली नाही, तर प्रत्येक ओळीची स्थिती तिच्या जागेला चिकटते, माणसाला नव्हे. यादीच्या डोक्यावर एक नाव वाढलं की उघडून ठेवलेला तपशील शेजाऱ्याच्या नावाखाली उघडा दिसतो. तिथे दर ओळीला माणसाचा कायमचा क्रमांक द्यायचा, जागेचा नव्हे.

अ‍ॅप बनवणाऱ्यांना म्हणून एकच विनंती. अ‍ॅप लोकांच्या हाती देण्याआधी यादीत निदान २०० नावं भरा, त्यातल्या काहींचे फोटो ठेवूच नका, इंटरनेट मुद्दाम मंद करा, आणि यादी अंगठ्याने जोरात खाली-वर फेकून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि वापरणाऱ्यांनो, कुणाच्या नावापुढे भलताच फोटो किंवा ‘थकबाकी’ दिसली, तर त्या माणसाला फोन करण्याआधी त्याच्या नावावर टिचकी मारून आतली नोंद पाहा.