मोडलेल्या मनगटांतील न दिसणारी इजा

पाय घसरून मनुष्य पडूं लागला म्हणजे त्याचा हात आपोआप पुढें येतो आणि देहाचा सारा भार तळहातावर पडून मनगटाजवळचें हाड मोडतें. या मोडीचें प्रसिद्ध वर्णन डब्लिन येथील शल्यवैद्य अब्राहम कॉलिस यांनीं १८१४ सालीं केलें. त्या काळीं क्ष-किरण नव्हते. १८९५ सालीं राँटगेन यांनीं ते शोधून काढीपर्यंत वैद्याची सारी भिस्त बोटांच्या स्पर्शावरच असे. हात जन्मभर वांकडा राहिला तरी कालांतरानें तो बिनदुखत चालूं लागेल, असें कॉलिस यांचें भाकित होतें. पुष्कळांच्या बाबतींत दुखणें थांबतेंही. परंतु कित्येकांचें हाड उत्तम जुळलेलें असतें, छायाचित्र निर्दोष दिसतें, आणि तरीही धुणें पिळतांना मनगटांत कळ उठते. अशा रोग्याची 'दुखणें मनाचें आहे' म्हणून बोळवण करणें हा निव्वळ अन्याय होय.

मनगट ही दाराची साधी बिजागरी नव्हे. कोपरापासून आलेल्या दोन हाडांपुढें आठ लहान हाडें दोन ओळींत बसविलेलीं असतात. त्यांस एकमेकांशीं जखडून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्या म्हणजे अस्थिबंध. करंगळीच्या बाजूस हाडाच्या टोंकावर कूर्चेची एक त्रिकोणी गादी असते. मनगटावर येणाऱ्या भाराचा सुमारें पांचवा हिस्सा त्या बाजूनें जातो. शिवाय तळहात उताणा-पालथा करतांना दोन्ही हाडांची जोडी सुटूं न देणें हेंही तिचेंच काम. क्ष-किरणांच्या छायाचित्रांत हाडें उमटतात. ही गादी आणि त्या पट्ट्या मात्र उमटत नाहींत.

सांध्यांत बारीक दुर्बीण घालून पाहण्याची सोय झाल्यावर खरी स्थिति उघड झाली. मोड सांध्यापर्यंत पोंचलेली व हाड सरकलेलें, अशा ६० रोग्यांची तपासणी अमेरिकेंतील शल्यवैद्यांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केली. त्यांपैकीं ४१ जणांस हाडाखेरीज आंतील इजाही आढळली. २६ जणांची त्रिकोणी गादी फाटलेली होती, तर १९ जणांच्या नौकाकृति व अर्धचंद्राकृति हाडांमधील बंधास इजा झालेली होती.

म्हणून प्रत्येकावर शस्त्र चालवावें असें मुळींच नाहीं. हाडासाठीं घातलेलें प्लॅस्टर या भागांनाही विश्रांति देतें. गादीच्या बाहेरील कडेस रक्ताचा पुरवठा असतो, त्यामुळें तेथील फाट भरून येऊं शकते. मधल्या भागास तो नसल्यानें तेथील फाट सहसा भरत नाहीं. अंगठ्याच्या बाजूचें हाड आंखूड होऊन जुळलें, तर शेजारच्या हाडाचें डोकें गादीवर दाबूं लागतें; हाड प्रथमच नीट बसविण्याचें महत्त्व यावरून कळेल.

नौकाकृति व अर्धचंद्राकृति हाडांमधील बंध पूर्ण तुटला तर प्रकरण अधिक गंभीर होतें. तीं हाडें एकमेकांपासून दूर सरकतात व छायाचित्रांत मध्यें फट दिसते. पुढच्या दोन दांतांत फट असलेल्या टेरी थॉमस या इंग्रज विनोदी नटाचें नांव वैद्यांनीं या खुणेस दिलें आहे. रोग्याला मात्र त्यांत विनोद वाटण्याचें कारण नाहीं. पहिल्या कांहीं आठवड्यांत तुटलेलीं टोंकें जोडतां येतात; पुढें तीं आकसतात व जोडणें कठीण होतें. तसेंच राहिल्यास पुढील कांहीं वर्षांत सांध्याची कूर्चा झिजत जाते.

प्लॅस्टर निघाल्यावर थोडे दिवस हात आंखडलेला राहणें स्वाभाविक आहे. पण जमिनीवर हात टेकून उठतांना करंगळीच्या बाजूस कळ येणें, किल्ली फिरवितांना खट्ट होणें, भरलेला तांब्या उचलतांना पकड सुटणें, हीं लक्षणें आठवड्यांमागून आठवडे टिकलीं तर रोग्यानें तीं वैद्यास स्पष्ट सांगावीं. चुंबकाच्या साह्यानें घेतलेल्या प्रतिमेंतही बारीक फाट कधीं कधीं निसटते. मूठ घट्ट आवळून दोन्ही मनगटांचीं छायाचित्रें शेजारीं ठेवलीं, तर एरव्हीं लपून राहिलेली फट पुष्कळदां त्यांत दिसते.